जास्तीचं सामान

"आवं, वारं कसं, दिसलं पायजे. पंखा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर हालतं, पदर हालतो, जिवाला कळतं वारं आलं म्हून. ह्याचं वारं दिसतच नाय. नुसतं शिरतं."

निवृत्तीच्या बायकोचा, मालनबाईचा हा आवाज नऊ उन्हाळ्यांपूर्वीचा. एसी बसवून माणसं नुकतीच जिना उतरली होती, फरशीवर भिंतीचा पांढरा भुगा पडला होता आणि तो झाडता झाडता मधेच थांबून, कमरेवर हात ठेवून, वर बघत ती असं म्हणाली होती. आज भर दुपारी निवृत्तीला तो आवाज ऐकू आला, तोही कशानं, तर नवा एसी बसवायला आलेल्या, समोरच्या खुर्चीत बसलेल्या गोरक्षनं हातातला छापील कागद टीपॉयवरून पुढं सरकवला आणि विचारलं, "काका, मशीन तर ताईंनी ठरवलंय. आता जास्तीचं काय काय लावायचं तेवढं सांगा." जास्तीचं. एवढा साधा शब्द. पण बसताना धोतरात राहिलेला काटा रुतावा तसा तो निवृत्तीला रुतला, आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात तसाच राहिला.

नाशिक रोडच्या ह्या कॉलनीत तिसऱ्या मजल्याच्या वर स्लॅब आणि स्लॅबच्या वर ऊन, मधे कुणी नाही. एप्रिल लागला की छत दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि संध्याकाळी ते घरात सोडत बसतं. दहा दिवसांमागं भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना निवृत्तीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, दुसऱ्या मजल्यावर तो खाली बसला, आणि गवार, मेथी, लिंबं पायरीपायरीनं उतरत गेली. शेजारच्यांनी वर आणलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, वय अडुसष्ट, ह्या घरात असं राहून चालायचं नाही, गार खोलीत झोपवा. ही बातमी पुण्याला पोचली आणि राखी दोन दिवसांची रजा काढून आली. एकुलती लेक. आल्या आल्या तिनं बापाच्या कपाळाला हात लावला, गुडघ्याला खरचटलं होतं तिथं हळद लावली, रागावली, पोळ्या केल्या. सगळं केलं. फक्त आतल्या खोलीत गेली नाही. आठ वर्षं ती त्या खोलीत जात नव्हती. माहेरी आली की बाहेरच्या दिवाणावर झोपायची, कपडे बदलायला न्हाणीत जायची, कपाटातलं काही हवं असलं तर "पप्पा, तेवढं द्या ना" म्हणायची. आत्ताही ती उंबऱ्याशीच उभी होती, एका हातात फोन, एका हातात पेन, पाठ चौकटीला लावून. तिच्या मागं, आतल्या भिंतीवर जुना एसी होता, मालनबाईनंच शिवलेल्या जुन्या साडीच्या खोळीत, बारशाच्या दिवशी नाव ठेवायचं राहून गेलेल्या बाळासारखा गुंडाळलेला.

"हवा साफ करणारी जाळी लिहा," राखी म्हणाली.

"ताई, साधी जाळी आत असतीच. ही दुसरी ती बारीक धुळीची. लावायची का?"

"लावा. आणि एसीनं हवा कोरडी होते ना? खोकला होतो माणसाला. त्याला काय आहे?"

गोरक्ष चाळिशीचा, निफाडकडचा माणूस, गळ्यात टेप, खिशात टेस्टर. त्यानं डोकं खाजवलं. "लोकं पाण्याची बादली ठेवत्यात खोलीत."

"मशीन नाही का?"

"हे ना. दमटपणाचं मशीन येगळं मिळतं. म्हंजी ताई, एक मशीन हवा कोरडी करणार, दुसरं मशीन ती ओली करणार, आणि मधी काका बसणार बघत, कोण जिंकतंय."

निवृत्ती हसला. राखी हसली नाही. तिनं कागदावर खूण केली. त्या खुणेकडं निवृत्ती बघत राहिला. तिचं अक्षर आईसारखं नव्हतं, मालनबाईला सहीपुरतंच येत होतं; पण पेन दाबून धरायची रीत तिचीच, कागदाच्या पाठीवरसुद्धा उमटेल अशी. निवृत्तीला ठाऊक होतं ही एकेक खूण कशाची आहे. दुकानातला माणूस म्हणेल, पोरगी बापाची काळजी घेते. शेजारी म्हणतील, अशी लेक पाहिजे. ही बापाची काळजी नव्हती. बारीक धुळीची जाळी, दमटपणाचं यंत्र, हे सगळं ती आठ वर्षं उशिरानं आपल्या आईला लावत होती.

तिला वाटत होतं की तिनं आईला मारलं. आणि हे खरं नव्हतं. आणि हे खरं नाही एवढं सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, तो समोर पाण्याचा पेला धरून बसला होता.

एसी राखीनंच घेतला होता, पहिल्या नोकरीतून. पोरीनं आईला न विचारता, सरळ दारात माणसं उभी केली. मालनबाई वणीकडची, डोंगराच्या अंगाच्या वस्तीतली. जन्म चुलीपुढं गेलेला, डोळ्यांच्या कडा धुरानं कायमच्या लाल झालेल्या. तिला यंत्राची लाज वाटली होती आधी. मग येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना ती त्या खोलीत नेऊन बसवायला लागली, "बसा ना, राखीनं घेतलंय," आणि बायका पदर सावरून, दवाखान्यात बसल्यासारख्या ओळीनं बसायच्या. एकटी असली की मात्र तांदूळ निवडता निवडता ती त्या यंत्राशीच भांडायची, आणि भांडण संपलं की गुणगुणायची. तिच्या ओव्या कुठून आल्या होत्या ते तिलाच माहीत नव्हतं. काही आजीच्या, काही तिथल्या तिथं जुळवलेल्या.

वारा आला डोंगराचा, त्याला नाय घरदार,
माझ्या पदराच्या घडीत निजतो भरदुपार.

निवृत्ती पहिल्या पाळीहून आला की दारातूनच ते ऐकायचा आणि बूट न काढता तसाच उभा राहायचा, कारण आत गेलं की ती गाणं थांबवायची. "आले प्रेसचं कुलूप," म्हणायची. हा तिचा कायमचा टोमणा होता. निवृत्तीनं चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमधे छपाईच्या मशीनवर काढली. फाटकातून आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, दोन्ही हात वर, खिसे उलटे. आतलं काही बाहेर यायचं नाही. चांगला कागद तर नाहीच, पण शाई फासलेला, दुमडलेला, वाया गेलेला कागदसुद्धा जागच्या जागी परत द्यायचा, तोही बाहेर यायचा नाही. लहानपणी राखी विचारायची, "पप्पा, आज काय छापलं?" तो म्हणायचा, "कागद." ती विचारायची, "कसला?" तो म्हणायचा, "पांढरा." मायलेकी हसायच्या. बाकीच्या बापांना कारखान्यातल्या गोष्टी असायच्या, साहेबांच्या, भांडणाच्या, चहाच्या. ह्याच्याकडं काही नसायचं. न बोलणं हेच काम होतं, आणि कामात तो चोख होता. पुढंपुढं त्याला कळेनासं झालं की कुठल्या फाटकाच्या आत काय राहायला हवं आणि बाहेर काय यायला हवं. त्यानं सगळंच आत ठेवलं.

"स्टॅबिलायझर?" गोरक्ष विचारत होता. "इथं लाइट वरखाली होती का?"

"होते," राखी म्हणाली. "लिहा."

"गॅलरीत उन्हाला छप्पर? बाहेरच्या युनिटला सावली. म्हंजी त्याला पण ऊन लागू नये."

"त्यालाही लागतं?"

"लागतं ना ताई. तेच्याकडं कोण बघतंय, पण तेच्या जिवावर तर आतली लोकं गार असत्यात."

"लिहा," राखी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अश्विन, तिचा नवरा. ती दारातून थोडी बाजूला झाली, पण आवाज येत होता. पिंकीचं घामोळं आज फार लाल झालंय, पावडर संपलीय, कुठं आहे दुसरी. पिंकी सहा वर्षांची नात. पुण्याच्या त्यांच्या घरात एसी नव्हता. अश्विन चांगला माणूस होता, चेष्टेवर नेणारा, पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडं मे महिना पूर्ण मिळतो, कापून देत नाही." पण मागच्या उन्हाळ्यात तो एकदा निवृत्तीजवळ येऊन बसला आणि चेष्टा न करता म्हणाला, "पप्पा, तुम्ही सांगून बघा ना तिला. पोरगी घामानं उठून बसते, मी विषय काढला की राखी पांढरी पडते. तुमचं ऐकेल." निवृत्ती म्हणाला होता, "बघतो." आणि मग तो एक वर्ष नुसता बघत होता.

"काका, मी जुनं काढून बघतो तवर," असं म्हणून गोरक्ष गॅलरीत गेला. निवृत्ती त्याच्यामागं उठला. गुडघा दुखत होता. गॅलरीत ऊन भाजत होतं, तुळशीच्या कुंडीत आता कोरफड होती, आणि कोपऱ्यात लोखंडी घोडीवर बाहेरचं युनिट, त्याच्या पात्यांमधे कबुतराचं जुनं घरटं. गोरक्षनं वाकून वायरीचं झाकण उघडलं. आणि थांबला. निवृत्तीला ठाऊक होतं तो का थांबला. नऊ वर्षं त्यानं ह्या झाकणाकडं बघितलं नव्हतं, नाही, आठ. आठ वर्षं आणि एक महिना.

फेब्रुवारीत मालनबाईच्या खोकल्यात रक्ताचा धागा आला होता. तिनं तो पदरानं पुसला आणि म्हणाली, बडीशेप चावताना जीभ चावली. निवृत्तीनं छातीचा फोटो काढवला, सुईनं गाठीतला तुकडा काढून तपासवला, आणि रिपोर्ट घ्यायला एकटाच गेला, पाळी बदलून, घरी न सांगता. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली. फुप्फुसात पांढरं काहीतरी उगवलं होतं, कोबीच्या कोवळ्या गड्ड्यासारखं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, लवकर न्या, लवकर म्हणजे ह्याच आठवड्यात. बरी होईल असं मी म्हणत नाही, पण वर्ष-दीड वर्ष मिळेल, आणि ते बरं जाईल. निवृत्ती म्हणाला, "मे महिन्यात पोरीचं लग्न आहे." डॉक्टरांनी फिल्म उतरवली, पाकिटात घातली. म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. निदान तोवर थंड कोरड्या हवेत ठेवू नका." पाकीट घेऊन तो बसस्टॉपवर बराच वेळ उभा होता. बस आली, गेली, दुसरी आली. घरी पोचला तर मालनबाई भाकरी थापत होती, पाठमोरी. "काय म्हणले डाक्टर?" तिनं न वळता विचारलं. हातातली भाकरी फिरत होती, थप, थप, थप, आणि तिच्या थापण्याची लय चुकू नये एवढ्याचसाठी जणू तो म्हणाला, "जुनाट खोकला."

रिपोर्ट कपाटात युनिफॉर्मखाली गेला. पण एसीचं काय करायचं? बंद कर म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. राखी नोकरीच्या गावाहून रोज फोनवर विचारायची, "मम्मी, लावतेस ना?" आणि मालनबाई रोज लावायची, लेकीच्या प्रेमाखातर, शिरतं तरी. एका रविवारी ती विहारात वंदनेला गेली असताना निवृत्तीनं मेन बंद केला, ह्या झाकणाचे चार स्क्रू काढले, बाहेरच्या युनिटची वायर सोडवली, टोकांवर टेप गुंडाळली, जशी मशीनवर गुंडाळायचे तशी, तिरकी, एकावर एक चढवत, आणि झाकण लावून टाकलं. आतलं यंत्र चालू राहिलं. दिवा लागायचा, आकडा दिसायचा, फुरफुर वारं यायचं. पण ते खोलीतलंच वारं, फिरून फिरून तेच. थंडावा त्यात काही नव्हता. दोन दिवसांनी मालनबाई म्हणाली, "सवय झाली बघा आता. शिरत नाय." राखीला फोनवर म्हणाली, "लय गार वाटतं गं." ती खरंच फसली होती, की त्याला सांभाळून घेत होती, हे निवृत्तीला आजवर कळलेलं नाही. रात्री डोळा उघडला की तो हेच उलटसुलट करून बघतो.

लग्न झालं. बौद्ध पद्धतीनं, कॉलनीच्या मैदानात, पांढऱ्या मांडवात. मालनबाई त्या दिवशी खोकलीच नाही. तिसऱ्या दिवशी नवी जोडी पहिल्यांदा घरी आली. दुपारी जेवणं झाल्यावर अश्विन बाहेर दिवाणावर आडवा झाला आणि राखी आईजवळ आतल्या खोलीत, लहानपणीसारखी तिच्या पायांत पाय अडकवून. रिमोटवर तिनं अठरा केलं. "आज मस्त झोपायचं मम्मी, गारगार." लग्नाच्या दगदगीनं ती पडताच झोपली, घाम आला तेही तिला कळलं नाही; पाचला जाग आली तर आई थरथरत होती, दात वाजत होते, हाताची बोटं बर्फासारखी. तो ताप होता, आतून चढलेला, आधीच पोखरलेल्या फुप्फुसात झालेला. पण पोरीनं आकडा बघितला, अठरा, आणि आईची बोटं आपल्या मेंदीच्या हातात घेतली, आणि त्या क्षणी तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. चार दिवस दवाखाना. तिथल्या डॉक्टरांना निवृत्तीनं पॅसेजमधे गाठून हात जोडले, मुलीला मागचं काही सांगू नका, नुकतं लग्न झालंय. ते म्हणाले, बरं. राखीला एकच शब्द कळला, न्यूमोनिया. आणि मालनबाई गेल्यावर, जलदानाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, निवृत्तीची बहीण सुमनबाई भरल्या घरात मोठ्यानं बोलली, "चुलीपुढं जन्म गेला बाईचा, तिला बर्फात निजवली. त्या मशीननं खाल्ली माझी भावजय." राखी पाहुण्यांना पाणी देत होती. तिच्या हातातला ट्रे पडला नाही, हललासुद्धा नाही. तिनं शेवटच्या माणसापर्यंत पाणी दिलं, ट्रे ठेवला, आत जाऊन एसीचा मेन बंद केला, आणि खोलीबाहेर आली, ती कायमची. मग कुणीतरी म्हणालं, निवृत्तीभाऊ, दोन शब्द बोला. आपल्यात रीतच आहे, गेलेल्या माणसाबद्दल उभं राहून बोलायचं. कुणी तास बोलतं, कुणी रडून बसतं. निवृत्ती उभा राहिला. सगळी कॉलनी त्याच्याकडं बघत होती. फक्त राखीकडं बघून दोन शब्द बोलायचे होते. तो म्हणाला, "मालन चांगली होती," आणि बसला.

"काका," गोरक्ष हळू आवाजात म्हणाला, "ही वायर कोणी सोडवली?"

निवृत्ती कोरफडीचं वाळलेलं पान खुडायला लागला.

"टेप लय जुनी हे. पण हात कारागिराचा हे, असं गुंडाळणारे आता राहिले नाय." त्यानं युनिटवर बोटानं टकटक केलं. "मला वाटलं मशीन मेलंय. हे तर फारसं चाललंच नाय काका, कोरं हे. वायर जोडली, गॅस भरला, तर कदाचित सुरूपण होईल. नवीनची गरजच नाय पडायची. ताईंना सांगू?"

"नको."

"आवं पण त्या उगाच..."

"नको सांगू. मी सांगतो. नवीनच बसव."

गोरक्षनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. धंद्यातल्या माणसाला घराघरांत काय काय दिसतं, तो समजल्यासारखा मान हलवून म्हणाला, "बरं."

हे 'बरं' निवृत्तीच्या ओळखीचं होतं. दवाखान्याच्या पॅसेजमधलं. प्रत्येकाकडून तो हे एक 'बरं' घेत आला होता आणि प्रत्येक 'बरं'गणिक पोरीच्या भोवती एक वीट चढली होती. त्यानं गॅलरीचा गज धरला तर तोही तापलेला. खाली कॉलनीत कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं, मातीचा वास वर येत होता, आणि त्या वासात कुठूनशी मालनबाई गुणगुणत होती, ते लग्नाच्या हळदीला म्हटलेलं, खोकला दाबून दाबून म्हटलेलं:

ऊन पडलं मागारी, सावली चालली म्होरं,
लेक निघाली सासरी, घर झालं सारं कोरं.

त्या दिवशी बायका रडल्या होत्या, लेकीसाठी. निवृत्ती एका बाजूला उभा राहून दुसऱ्याच कुणासाठी रडला होता, आणि लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे. आता वाटत होतं की सांगावं तर काय सांगावं. तुझ्या एसीनं आई गेली नाही, एवढं सांगून थांबता येत नाही. पुढचा प्रश्न येणारच. मग सांगावं लागेल की मला आधी माहीत होतं, आणि वर्ष-दीड वर्ष मी मांडवाच्या खाली घातलं. एका ओझ्यातून सोडवून पोरीला दुसऱ्यात घालायचं, तुझ्या एसीनं नाही, तुझ्या लग्नानं. हेच त्याचं आठ वर्षांचं उत्तर होतं स्वतःला. पोरीसाठीच गप्प आहे, असं तो म्हणायचा, आणि ते म्हटलं की झोप लागायची, निदान थोडी.

तो आत आला. गोरक्ष दोर आणायला खाली गेला. राखीनं फोन ठेवला होता, कागद गुडघ्यावर घेऊन ती उंबऱ्यावर बसली होती, अर्धी बाहेर, अर्धी आत. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. पस्तिशीतच तिच्या डोळ्यांखाली ती आईची लाल कड आली होती, आणि तिनं तर कधी चूल फुंकली नव्हती.

"एक राहिलं पप्पा," ती म्हणाली. "हे बघा. फोनला जोडायचं. सव्वीसच्या खाली आकडा गेला की तिथं पुण्यात माझ्या फोनवर घंटा वाजेल. मी तिथून बंद करू शकते."

"मी काय लहान आहे का? मला रिमोट कळतो."

"कळतो हो. पण चुकून दाबलं गेलं तर. झोपेत. तुम्हाला नाही कळणार पप्पा, ते हळूहळू होतं. माणूस झोपलेला असतो, त्याला वाटतं छान गार आहे." तिनं त्या ओळीवर खूण केली, दाबून. मग त्या खुणेवरूनच परत पेन फिरवलं, एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. "तेव्हा हे मिळत असतं ना... अठरावर मीच ठेवलं होतं पप्पा. तुम्ही कधी बोलला नाहीत मला. आत्या बोलली, तुम्ही नाही. सगळ्यांना सांगता आलं असतं तुम्हाला, पण तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मला माहीत आहे ते. रोज माहीत आहे."

हे तिनं आठ वर्षांत पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. आणि वर त्याचे उपकार मानले. निवृत्ती तिच्याशेजारी खाली बसायला लागला. गुडघा वाकेना, चौकट धरून, एक पाय लांब ठेवून तो कसाबसा उंबऱ्यावर टेकला. बापलेक एका चौकटीत मावत नव्हते. तिनं अंग चोरून जागा केली.

"ते मशीन थंड करत नव्हतं, राखी."

"काय?"

"बाहेरची वायर मी सोडवली होती. मार्चमधे. तुझ्या लग्नाआधी. तू अठरा कर नाहीतर आठ कर, त्यातून गार वारं येतच नव्हतं. गोरक्षनं आत्ता बघितलं, त्याला विचार. तू आईला काही केलं नाहीस."

पेनचं टोपण तिच्या हातातून घरंगळून आतल्या खोलीत गेलं, पलंगाखाली.

"तिला थंडी वाजत होती पप्पा. मी हात धरले होते."

"ताप होता तो."

"वायर का सोडवली तुम्ही?"

"डॉक्टर म्हणाले होते, थंड हवा नको."

"कुठले डॉक्टर? मार्चमधे कुठले डॉक्टर? मम्मी तर..." ती थांबली. बँकेत रोज माणसांची खोटी कागदपत्रं ओळखणारी पोर. तिला वेळ लागला नाही. "तुम्हाला माहीत होतं."

"फेब्रुवारीत. फुप्फुसात गाठ होती. मुंबईला न्या म्हणाले. वर्ष-दीड वर्ष मिळालं असतं."

बाहेर जिन्यात गोरक्षची पावलं वर येत होती, मग कुणाशी तरी बोलत मधल्या मजल्यावर थांबली. राखीनं जे विचारायचं ते विचारलं, अगदी बारीक आवाजात, ज्याला तो आठ वर्षं भीत होता तेच.

"माझ्या लग्नासाठी?"

'हो' तयार होतं. जिभेवर होतं, झिजून गुळगुळीत झालेलं. ते म्हटलं असतं तर तो एक दुःखी, कर्तव्याला जागलेला बाप ठरला असता, आणि पोर उरलेला जन्म त्या मांडवाखाली बसली असती. निवृत्तीनं तोंड उघडलं आणि त्यालाच ऐकू आलं की ते 'हो' खरं नाही. ते कधीच खरं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "लग्नाचं मी निमित्त केलं. तुला, अश्विनला सांगितलं असतं तर तुम्ही चार माणसांत लग्न उरकून आईला घेऊन मुंबई गाठली असती. ते मला तेव्हाही माहीत होतं. लग्नाचा काही संबंध नाही, बाळा. मला तिला सांगायची छाती झाली नाही. तिच्या तोंडाकडं बघून ते बोलावं लागणार होतं, आणि मी भ्यालो. तिनं मला चार वेळा विचारलं. एकदा भाकरी थापताना, एकदा विहारातून येताना रिक्षात, एकदा तुझ्या हळदीला, सगळ्या बायकांतून मला बाजूला घेऊन. शेवटी दवाखान्यात, तू चहा आणायला गेली होतीस तेव्हा, माझं बोट धरून म्हणाली, आता तरी सांगा, राखीचे पप्पा, मी काय करणार हाय ऐकून. आणि मी तिला म्हणालो, जुनाट खोकला आहे, मालन."